विमान-कंपन्यांचें एकीकरण आणि त्यांतील नोकरवर्ग

१९५३ च्या हवाई महामंडळांच्या कायद्याचें विसावें कलम आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या पाहण्यांत आलें असेल, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. कायद्याचीं कलमें वाचणें हा कांहीं रविवारच्या दुपारचा उद्योग नव्हे. परंतु गेल्या सत्तर वर्षांत आपल्या देशांत विमान-कंपन्यांचीं जीं एकीकरणें झालीं, त्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो विमानांच्या संख्येपासून किंवा कर्जाच्या आंकड्यापासून सुरू न करतां या कलमापासूनच सुरू करावा, असें आमचें मत झालें आहे. कलमाचा मथितार्थ असा: १ जुलै १९५२ पूर्वीं जो मनुष्य एखाद्या विमान-कंपनीच्या नोकरींत लागला असेल, आणि कंपनी सरकारकडे जाण्याच्या क्षणापर्यंत त्या नोकरींत टिकला असेल, तो नव्या महामंडळाचा नोकर होईल. त्याची मुदत तीच, पगार तोच, अटी त्याच; आणि हें सर्व त्याची नोकरी संपविली जाईपर्यंत, किंवा महामंडळ त्याचा पगार व अटी रीतसर बदलीपर्यंत, चालू राहील. ज्याला हें नको असेल त्यानें मुदतींत तसें लेखी कळवून मोकळें व्हावें. वाक्याच्या पूर्वार्धानें जें दिलें, तें पुढेंमागें काढून घेण्याची सोय उत्तरार्धांतील त्या 'पर्यंत'मध्यें ठेविलेली आहे. मसुदा करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. कोणताहि मालक असेंच लिहून ठेवील. तथापि पुढील सर्व तंट्यांचें मूळ पहावयाचें असेल तर तें येथें पहावें.

त्या काळची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. दुसरें महायुद्ध संपतांच लष्कराला नकोशीं झालेलीं डकोटा विमानें स्वस्तांत विकावयास निघालीं. ज्याला त्याला विमान-कंपनी काढण्याची हौस आली, आणि सरकारनेंहि परवाने देतांना हात आखडता घेतला नाहीं. उतारू थोडे, कंपन्या फार आणि पेट्रोल महाग, असा प्रकार झाल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. १९५० मध्यें मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति बसली. तिलाहि कंपन्यांची ही गर्दी फाजील वाटली. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन हें एक महामंडळ झालें. टाटांची एअर-इंडिया, निजामाच्या हैदराबादेंत जन्मलेली डेक्कन एअरवेज, बिर्लांची भारत एअरवेज, बिजू पटनाइक यांची कलिंग एअरलाइन्स, अशीं आठ घरचीं माणसें एका छपराखालीं आलीं. विमानें ९९ होतीं, पैकीं ७४ डकोटा. परदेशी जाणारी एअर-इंडिया इंटरनॅशनल मात्र या गोतावळ्यांत घातली नाहीं. तिचें निराळें महामंडळ करून जे. आर. डी. टाटा यांनाच त्याचें अध्यक्षपद दिलें.

अशा रीतीनें एका मालकाचीं दोन घरें झालीं, आणि तीं ५४ वर्षें निराळीं नांदलीं. एकाचें मुख्य ठाणें मुंबईस, दुसऱ्याचें दिल्लीस. एकाचे वैमानिक लंडन-न्यूयॉर्कला जात, परदेशच्या हॉटेलांत उतरत, आणि त्यांना परकीय चलनांत भत्ता मिळे. दुसऱ्याचे वैमानिक सकाळीं नागपूर, दुपारीं कलकत्ता, रात्रीं पुन्हां घरीं, असे दिवसाकाठीं तीन-चारदां विमान चढवीत आणि उतरवीत. कोणाचें काम अधिक कठीण हा वाद आम्हांस ठरवितां येणार नाहीं; आम्हीं विमानांत बसलों तेवढे वेळ डोळे मिटूनच बसलों आहों. सांगावयाचें तें इतकेंच कीं दोन्हीं घरांत पगाराच्या, बढतीच्या, रजेच्या आणि निवृत्तीच्या रीती हळूहळू निरनिराळ्या पडत गेल्या, आणि प्रत्येक रीतीमागें एखादा संप, एखादा लवाद किंवा एखादा करार उभा होता. त्या रीती कशा विचित्र होत्या हें १९८१ मध्यें हवाई सुंदरींच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टापुढें आलें. पस्तिसाव्या वर्षीं निवृत्ति, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी समाप्त, पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी समाप्त, अशा त्या अटी होत्या. यांपैकीं गर्भधारणेची अट न्यायालयानें रद्द केली, लग्नाची राहूं दिली. मात्र त्याच विमानांत तशींच कामें करणारे पुरुष नोकर हा निराळा वर्ग आहे, कारण त्यांची भरती आणि बढती निराळ्या नियमांनीं होते, असें न्यायालय म्हणालें. म्हणजे काम काय करतो यापेक्षां कोणत्या यादींत नांव आहे हेंच कायद्याच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें ठरलें.

यादीचें महत्त्व विमानाच्या नोकरींत किती, हें बाहेरच्या मनुष्यास चटकन उमगत नाहीं. आम्हांस तें आमच्या स्वतःच्या धंद्यांत समजलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एकाच संस्थेचीं दोन महाविद्यालयें एक करण्यांत आलीं. आमचा पगार एका पैनेंहि कमी झाला नाहीं. पण प्राध्यापकांच्या खोलींत ज्येष्ठतेची एकत्र यादी लागली, आणि वीस वर्षें एका बाकावर बसून चहा पिणारे दोन सद्गृहस्थ त्या दिवसापासून निरनिराळ्या वेळीं चहाला येऊं लागले. त्यांतील एकाला विभागप्रमुख होण्यास दोन वर्षें उरलीं होतीं. यादी लागल्यावर सात उरलीं, आणि निवृत्तीला पांचच होतीं. त्यांचें कांहीं गेलें असें कोणत्याहि हिशेबाच्या वहींत दिसलें नसतें.

वैमानिकाच्या बाबतींत हीच गोष्ट दसपट होते. सहवैमानिकाच्या खुर्चीवरून कमांडरच्या खुर्चीवर केव्हां जावयाचें, लहान विमानावरून मोठ्यावर केव्हां, हें सर्व ज्येष्ठतेवर ठरतें, आणि पगार खुर्चीवर व विमानावर ठरतो. शिवाय त्या पगाराचा मोठा भाग मूळ वेतनाचा नसून हवेंत काढलेल्या तासांचा असतो. कंपनीनें फेऱ्या कमी केल्या कीं कागदावरचा पगार तोच राहून हातांत येणारा कमी होतो. 'पगार तोच, अटी त्याच' हें आश्वासन अशा ठिकाणीं कितपत पुरतें, याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां २००७ कडे येऊं. त्यापूर्वीं दीड-दोन वर्षांत दोन्हीं कंपन्यांनीं आपापल्यापरी विमानांच्या प्रचंड मागण्या नोंदविल्या होत्या. एअर इंडियानें बोइंगचीं ६८, इंडियन एअरलाइन्सनें एअरबसचीं ४३, मिळून १११. मागण्या अशा निरनिराळ्या नोंदवून झाल्यावर सरकारला एकीकरणाची आठवण झाली. मुलगा-मुलगी दोघांनीं निरनिराळीं घरें बांधून झाल्यावर लग्न जमवावें, त्यांतलाच हा प्रकार. महालेखापरीक्षकांनींहि २०११ च्या अहवालांत या क्रमाविषयीं ताशेरे ओढले. १ मार्च २००७ रोजीं मंत्रिमंडळाची संमति मिळाली. प्रफुल्ल पटेल त्या वेळीं विमानखात्याचे मंत्री होते. महिनाअखेर नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया ही नवी कंपनी नोंदली गेली, आणि ऑगस्टअखेर दोन्हीं जुन्या कंपन्या तींत लुप्त झाल्या.

लुप्त झाल्या त्या कागदावर. विमानांचा रंग बदलला, नांव बदललें, पण इंडियन एअरलाइन्सचीं जुनीं 'आयसी' हीं अक्षरें तिकिटांवरून जाण्यास २०११ चा फेब्रुवारी उजाडला. तिकिटें एक करण्यास साडेतीन वर्षें लागलीं, मग माणसांच्या याद्या एक करण्याचें नांव कोण काढणार? दोन युनियनी राहिल्या, दोन वेतनश्रेणी राहिल्या, दोन ज्येष्ठतायाद्या राहिल्या. अवघड प्रश्न पुढें ढकलल्यानें तो सुटतो अशी सरकारी कचेऱ्यांची जुनी श्रद्धा आहे.

त्यांत पैशाची ओढ लागली. २००८-०९ या एका वर्षांत कंपनीला ५,५४८ कोटि रुपयांचा तोटा झाला. जून २००९ चा पगार पंधरा दिवस उशिरां होईल असें जाहीर झालें. सरकारी कंपनीच्या नोकराला पगार पहिल्या तारखेस मिळणें हें सूर्योदयासारखें वाटत असतें; त्याच्या घरच्या दुधाचा, शाळेच्या फीचा आणि घराच्या हप्त्याचा सारा हिशेब त्याच एका गृहीतावर रचलेला असतो. त्या गृहीतालाच तडा गेला. सप्टेंबरांत उत्पादकतेशीं निगडित असा जो भत्ता मिळे त्यांत मोठी कपात करण्याचें ठरलें, आणि अधिकारी दर्जाच्या वैमानिकांनीं आजारपणाच्या रजा टाकून विमानें जागच्या जागीं उभीं केलीं. हा भत्ता १९९० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या करारांनीं आला होता आणि कालांतरानें पगाराचाच भाग झाला होता. तो उत्पादकतेवर कितपत अवलंबून होता हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. परंतु जो पैसा दहा-पंधरा वर्षें दरमहा घरांत येतो त्याला कुटुंब पगारच म्हणतें, मग कागदावर त्याचें नांव कांहींहि असो.

मे २०१० मध्यें जमिनीवरील कामगारांची व एंजिनियरांची पाळी आली. २२ मे रोजीं मंगळूरास विमान कोसळून १५८ माणसें मृत्यु पावलीं होतीं. त्यानंतर कर्मचाऱ्यांनीं वृत्तपत्रांशीं बोलूं नये असा हुकूम सुटला, आणि पगाराच्या जुन्या तक्रारींत ही नवी भर पडून २५ तारखेस संप झाला. दोन दिवसांत तो मिटला, पण कांहींजणांना बडतर्फीचे कागद मिळाले आणि दोन संघटनांची मान्यता गेली. अपघातानंतर तीन दिवसांच्या आंत संप करणें आम्हांस त्या वेळीं रुचलें नव्हतें, आजहि रुचत नाहीं. मात्र ज्याच्या सहीशिवाय विमान उडत नाहीं त्या मनुष्याला तोंड मिटण्यास सांगणें त्याहून शहाणपणाचें होतें असेंहि आम्हांस वाटत नाहीं.

खरा स्फोट पुढेंच होता. २७ एप्रिल २०११ रोजीं जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं संप पुकारला. त्यांचें म्हणणें साधें होतें: चार वर्षें झालीं, कंपनी एक, गणवेश एक, मग पगार दोन कां? दहा दिवसांनीं, ६ मे रोजीं, संप मिटला. या प्रश्नांचा निकाल लावण्यासाठीं सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति नेमण्यांत आली, आणि तिनें जानेवारी २०१२ अखेर आपला अहवाल दिला. अहवाल विमानखात्यांत असतांनाच मे महिन्यांत दुसरी बाजू उठली. जुन्या एअर इंडियाचे वैमानिक आतां रजेवर गेले, आणि त्यांचा संप ५८ दिवस चालला.

या दुसऱ्या संपाचें कारण मोठें उद्बोधक आहे. बोइंगचीं ड्रीमलायनर नांवाचीं २७ नवीं विमानें यावयाचीं होतीं. तीं चालविण्याचें शिक्षण दोन्हीं बाजूंच्या वैमानिकांना सारख्या प्रमाणांत द्यावें असें कंपनीनें ठरविलें. एअर इंडियावाले म्हणाले, हीं विमानें एकीकरणापूर्वीं आमच्या कंपनीनें मागविलीं. आम्हीं याच विमानांच्या आशेवर सहवैमानिकाच्या खुर्चींत वर्षें काढलीं. पलीकडे कमांडरपद लौकर मिळतें, आमच्याकडे उशिरां. आतां आमच्या वाट्याचींहि विमानें वांटून घेतलीं तर आम्हांस बढती केव्हां? दुसरी बाजू म्हणाली, एकीकरण झाल्यावर 'तुमचीं विमानें' हा शब्दप्रयोगच उरत नाहीं. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, हीच या प्रकरणांतील अडचण. २०११ मध्यें ज्यांनीं 'आपण एक आहों' म्हणून संप केला, त्यांच्याविरुद्ध २०१२ मध्यें 'आपण एक नाहीं' म्हणून संप झाला, आणि दोन्हीं संपांच्या मुळाशीं एकच न केलेली यादी होती.

वृत्तपत्रांना या सगळ्यांत गलेलठ्ठ पगाराच्या वैमानिकांचा हट्ट तेवढा दिसला, आणि मध्यमवर्गीय वाचकांनीं त्यास मान डोलावली. आम्हींहि त्या वेळीं डोलावली. दोन महिने परदेशच्या उतारूंचे हाल झाले, दिल्ली हायकोर्टानें संप बेकायदेशीर ठरविला, शंभराच्या वर वैमानिकांची नोकरी गेली, आणि जुलैच्या आरंभीं न्यायालयांतच कामावर परतण्याचें आश्वासन द्यावें लागलें. रीति चुकली हें आम्हांस मान्य आहे. पण तक्रार लोभाची होती असें आतां सर्व क्रम पुन्हां चाळून पाहतां आम्हांस म्हणवत नाहीं. रांगेंत बारा वर्षें उभा राहिलेला मनुष्य खिडकीजवळ पोंचत असतां दुसरी रांग आणून त्याच्यापुढें जोडली, तर तो पैशासाठीं ओरडतो असें कोणी म्हणत नाहीं.

धर्माधिकारी समितीनें त्या जुन्या भत्त्याचा निकाल लावला: तो बंद करावा, आणि इतर सरकारी कंपन्यांप्रमाणें वेतनश्रेणी लावाव्या. हिशेबाच्या दृष्टीनें हें निर्दोष होतें. त्याच सुमारास, एप्रिल २०१२ मध्यें, सरकारनें कंपनीला टप्प्याटप्प्यानें ३०,२३१ कोटि रुपये भांडवल देण्याची योजना मान्य केली, आणि तिचाच भाग म्हणून विमानदुरुस्तीचें व जमिनीवरील व्यवस्थेचें काम निराळ्या दुय्यम कंपन्यांकडे सोंपविलें. हजारों कामगार एका सकाळीं एका कंपनीचे नोकर म्हणून कामावर गेले आणि कालांतरानें दुसऱ्या कंपनीचे झाले. ज्यांना एकत्र आणण्यासाठीं पांच वर्षें खटाटोप चालला होता, त्यांनाच आतां वेगळें काढणें शहाणपणाचें ठरलें! मुख्य कचेरीहि मुंबईहून दिल्लीस गेली.

तथापि एक गोष्ट सरकारच्या बाजूनें सांगितली पाहिजे. या सर्व धामधुमींत नोकरकपात अशी झाली नाहीं. याच काळांत खाजगी कंपन्यांतहि एकीकरणें झालीं. जेटनें २००७ मध्यें सहारा घेतली. किंगफिशरनें डेक्कनशीं संसार मांडला. ऑक्टोबर २००८ मध्यें जेटनें सुमारें १,९०० माणसांना एका फटक्यांत घरीं बसविलें. गणवेशांतील मुलेंमुली मुंबईच्या रस्त्यावर उभीं असल्याचीं चित्रें पुष्कळांना आठवत असतील. राजकारणी मंडळी मध्यें पडली आणि दोन दिवसांत सर्वांना परत घेतलें. पण ती कंपनीच पुढें एप्रिल २०१९ मध्यें बंद पडली, आणि किंगफिशर तर महिनोन् महिने पगार थकवून २०१२ मध्येंच गेली होती. सरकारी कंपनींत पगार डळमळला पण नोकरी टिकली. खाजगींत पगार चांगला आणि नोकरीचा भरंवसा नाहीं. दोन्हीं एकाच वेळीं कोणाच्या पदरांत पडलीं असें या इतिहासांत आम्हांस आढळलें नाहीं.

८ ऑक्टोबर २०२१ रोजीं एअर इंडिया १८,००० कोटि रुपयांस टाटांकडे परत जाण्याचें ठरलें, आणि २७ जानेवारी २०२२ रोजीं ती प्रत्यक्ष गेली. १९५३ मध्यें जें घेतलें तें ६८ वर्षांनीं फेडलें, अशा अर्थाचे मथळे त्या दिवशीं झळकले. नोकरांच्या बाबतींत या वेळच्या अटींत विसाव्या कलमांतील 'पर्यंत' नव्हतें; त्याऐवजीं आंकडा होता. एक वर्ष कोणास काढूं नये. दुसऱ्या वर्षीं काढावयाचें झाल्यास स्वेच्छानिवृत्तीची योजना द्यावी. त्या वेळीं नोकर १२,०८५ होते, त्यांपैकीं ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. हा शेवटचा आंकडा आम्हांस विशेष वाटतो. १९५३ चें कलम लिहिलें तेव्हां असा तिसऱ्या हिश्श्याएवढा वर्ग कोणाच्या कल्पनेंतहि नसावा; ज्येष्ठतेच्या यादीवरून जे भांडले त्यांना निदान यादी तरी होती.

मुंबईकरांना या बदलाची खरी जाणीव झाली ती कलिन्यास. तेथील वसाहतींत कामगारांच्या दोन-दोन पिढ्या राहिल्या होत्या; गणपति, क्रिकेट, दहावी-बारावीच्या निकालाचे पेढे, सर्व तेथेंच. जमीन विमानतळाची, इमारती कंपनीच्या, राहणारे नोकर, आणि कंपनी आतां सरकारची नाहीं. तेव्हां ठराविक मुदतींत जागा खालीं करण्याच्या नोटिसा आल्या. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलें, मुदत थोडी लांबली, निकाल बदलला नाहीं. पगारपत्रकांत राहत्या जागेची किंमत कधींच धरलेली नसते. निवृत्तीस तीन-चार वर्षें उरलेल्या मनुष्यानें सांताक्रूझ-कुर्ल्याच्या आसपास भाड्याचें घर पाहूं जावें, म्हणजे ती किंमत त्याला कळते.

टाटांच्या घरांत आल्यावर पुन्हां एकीकरणें आलींच. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं एक स्वस्त दराची कंपनी दुसरींत गेली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा एअर इंडियांत मिळाली. दोन्हींकडे त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत कुरबुर होऊन गेली होती. विस्ताराच्या वैमानिकांना नवीं करारपत्रें आलीं; पूर्वीं दरमहा ७० तासांचा पगार ठरलेला असे, आतां ४० तासांचाच ठरलेला आणि पुढील तास उडाल्यास. एप्रिलमध्यें पुष्कळ वैमानिक एकदमच आजारी पडले आणि कंपनीला रोजच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. मेमध्यें एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिनमधील नोकरवर्गानें तोच उपाय केला. २५ जणांना काढलें, आणि श्रम-आयुक्तांपुढें बोलणें होऊन ९ मे रोजीं परत घेतलें. यंत्रांचें काम मात्र या वेळीं चोख झालें. विस्ताराच्या जुन्या क्रमांकांना पुढें दोनाचा आंकडा जोडून 'एआय' अक्षरें लावलीं, आणि ९५५ क्रमांकाचें विमान २९५५ होऊन रोजच्याच वेळेस सुटूं लागलें. २००७ मध्यें ज्याला साडेतीन वर्षें लागलीं, तें एका रात्रींत झालें. वैमानिकांचे चाळीस तास मात्र चाळीसच राहिले, आणि ज्यांनीं करारपत्रावर सही केली त्यांपैकीं कित्येकांनीं ती एप्रिलच्या त्या आजारपणापूर्वींच करून ठेवली होती.